तेराच्या पाढ्यापाशी बसलेला घसा

बाराचा पाढा संपला तेव्हा तपासणीला आलेल्या साहेबांचा चेहरा लग्नघरात आल्यासारखा फुलला होता. चौथीची बावीस पोरं टाळीच्या चालीत, एका दमात म्हणत होती. मी मनातल्या मनात टेपरेकॉर्डर शाळेच्या नावावर करूनही टाकला.

पंचायत समितीनं तो महिनाभर वापरून पाहायला दिला होता. आसेगावकडच्या आमच्या खेड्यात वीज नव्हती, म्हणून सेलवर चालणारा. शाळा एकशिक्षकी, म्हणजे वर्ग चार अन् मास्तर एक. मी माझ्याच आवाजात वीसपर्यंत पाढे भरले. चौथीनं ते ऐकायचे, मी पहिलीला शिकवायचं, असा अर्जातला बेत. आज पोरं पास झाली तर यंत्र आमचं, नाहीतर साहेबांच्या जीपमधून परत.

"आता तेराचा," साहेब म्हणाले.

पोरांनी हनुवट्या छातीला लावल्या, गळे फुगवले आणि जाड, लांबट आवाजात सुरू केलं, "तेऽऽरा... एऽऽके... तेऽऽऽरा..."

साहेबांच्या हातातलं पेन गळून पडलं. "आजारी आहेत का सगळी?"

पुढं बसलेली विशाखा उठली. "नाही साहेब. तेरापासून असंच म्हना लागते. पेटीतले गुरुजी असेच म्हनतेत."

मी टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. सेल उतरले की टेप हळू फिरते आणि माणसाचा रेडा होतो. पोरांनी इमानदारीनं रेडाच पाठ केला होता.

"गुरुजी, तुम्हाला हे ऐकू आलं नाही?"

"मी... पहिलीवर होतो, साहेब."

"नाही साहेब," विशाखा माझ्या मदतीला धावली, "पेटी लावली का गुरुजी रहीमचाचाच्या हॉटेलात जातेत. पयलीले बी पेटीच ऐकवतेत."

साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग एकदम गंभीर. "यंत्र राहू द्या. पण ते चालू असताना तुम्ही खोलीतच. आणि बटन या पोरीच्या हातात. समजलं नाही की बंद."

दुसऱ्याच दिवशी खट्! "गुरुजी, तेरा साते एक्क्याण्णवच काहून?"

गावभर हिंडून चिंचोके जमवले, तेरा-तेराचे सात ढीग घातले, मोजले. तेवढ्यात पुन्हा खट्! चौथ्या दिवशी चाचांनी निरोप धाडला, "मास्तर बीमार है क्या?"

यंत्रानं मास्तराचं काम निम्मं होईल, असं मी अर्जात लिहिलं होतं. ते दुप्पट झालं. पोरांना पाढे आले ते मात्र तेव्हापासून.