देवदूत म्हणाला, अजून नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला वाटतं, लग्नाआधी इंग्लंडात ब्रॅकनेलमध्ये मी नुसती सॉफ्टवेअरं तपासत होतो.

दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. हॅरल्ड नावाच्या निवृत्त गणितशिक्षकांकडे मी भाड्याने राहायचो. खोली ऑफिसला लागून, भाडं अगदी किरकोळ. हॅरल्डना एकच नाद होता. चारशे वर्षांपूर्वी इंग्रज विद्वान इटलीहून आलेले ग्रंथ वाचून स्फटिकाच्या गोळ्यात देवदूत बोलावत — ती विद्या त्यांना पुन्हा उभी करायची होती. मेणाच्या मुद्रा, ग्रहांचे आकडेमोडीचे चौकोन, सगळं साग्रसंगीत. पंचाईत एवढीच की त्या विद्येत मांत्रिकाला स्वतःला काही दिसत नाही, बघणारा वेगळा लागतो. भारतीय माणसाला नक्की दिसेल, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

मला त्या गोळ्यात काय दिसणार? माझंच नाक — तेही उलटं. पण ते इतक्या आशेने बघत होते... मी म्हटलं, हिरव्या वस्त्रातली तेजस्वी आकृती दिसतेय. काय बोलतेय, त्यांनी विचारलं. मी मराठीत एकोणतीसचा पाढा म्हटला. तोही चुकलो. हॅरल्डचे डोळे भरून आले.

इथवर गंमतच होती. इथेच थांबलो असतो तर आज हे सांगत बसलो असतो का?

एका रविवारी त्यांनी देवदूताला खरा प्रश्न विचारला. त्यांची मुलगी ग्लासगोला होती, भांडणानंतर बोलणं बंद. तिला फोन करून घरी राहायला बोलावू का? घरात जास्तीची खोली एकच होती — माझी.

मी गोळ्यात बराच वेळ बघितलं. मग म्हणालो, "अजून नाही."

ते विचारत राहिले. दर वेळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि दर वेळी देवदूताला गावातली बाकीची भाडी आठवायची. लाज वाटत होती का? वाटत होती. तरी मी तेच सांगायचो.

पुढे माझं लग्न ठरलं, हाउन्सलोला फ्लॅट मिळाला. निघायच्या दिवशी देवदूत एकदम प्रसन्न झाला — कर म्हणाला फोन, आत्ताच. हॅरल्डनी माझ्यासमोर नंबर फिरवला. फोन कुणा परक्याने उचलला. ती केव्हाच तिथून गेली होती, कुठे ते त्याला ठाऊक नव्हतं.

आता तरी खरं बोलावं, असं वाटलं. पण त्यांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"देवदूताचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "मीच विचारायला उशीर केला असणार."

असेल, असं मी म्हणालो.