गिरणीची गल्ली

आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा आमच्या रस्त्याला नावच नव्हतं. होता तो नुसता सेक्टर आणि प्लॉटचा नंबर. इमारती सारख्या, जिने सारखे, दारंही एकाच रंगाची. वडील एकदा ऑफिसातून येऊन शेजारच्या इमारतीत, भलत्याच घरात चपला काढून बसले आणि त्या घरच्या बाईंनी त्यांना पाणीही दिलं.

गिरगावात राहणाऱ्या मोठ्या काकांना आमचं इथे येणं म्हणजे धाकट्या भावाचा वेडेपणा वाटे. त्यात आईने आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर गाळा घेऊन पिठाची गिरणी टाकली. तोवर ती गव्हाचा डबा घेऊन बसने खाडीपलीकडे दळायला जायची. काका भडकले. "आपल्या घराण्यातली सून लोकांची दळणं दळणार? मग मी तुमच्या घरात पाऊल ठेवणार नाही."

आई तिथल्या तिथे म्हणाली, "भाऊजी, या म्हणायचं काम माझं. यायचं की नाही ते तुम्ही बघा."

काकांचं बोलणं तिला फार लागलं होतं. काकांना एक दिवस या दारात आणायचंच, तेही गिरणी बंद न करता, असं तिने मनाशी धरलं.

खाडीकाठच्या गावातल्या बायका तांदूळ घेऊन यायच्या. त्यातली एक मासे विकणारी मावशी पहिल्याच दिवशी तोंडावर म्हणाली, "बाय, गव्हावर तांदूल नको दलू. भाकर तुटते." आईने वाद घातला नाही, दुसरी चक्की आणली. तिच्यात तांदळाशिवाय काही पडू द्यायची नाही. मी एकदा त्यात मूठभर ज्वारी टाकली तर पाठीत धपाटा बसला. मग अख्खं गाव आमच्याकडे लोटलं. बाकावर सोसायटीतल्या बायका आणि गावातल्या बायका मांडीला मांडी लावून बसायला लागल्या.

'गिरनीची गल्ली' हे गावातल्या बायकांनीच सुरू केलं. मग दूधवाला तसंच म्हणायला लागला, मग पोस्टमन, आणि शेवटी बसचा कंडक्टर "गिरणीवाले उतरा!" म्हणून ओरडायला लागला. आमच्या सोसायटीच्या पुरुषांना हे नाव हलकं वाटलं. त्यांनी सभा घेतली, भजी खाल्ली आणि 'गुलमोहर मार्ग' अशी निळी पाटी ठोकली. रस्त्यावर गुलमोहर औषधालाही नव्हता. पुढे त्याच सभेचे अध्यक्ष आपल्या पाहुण्यांना सांगत, "गिरणीची गल्ली विचारा, कुणीही दाखवेल."

काही वर्षांनी काकांच्या मुलीचं लग्न ठरलं. सख्ख्या भावाकडे अक्षत पोस्टाने धाडता येत नाही. काका-काकू बसमधून उतरले आणि त्यांनी आमचं आडनाव सांगून पत्ता विचारला. ज्या आडनावाचा काकांना एवढा अभिमान, ते इथे कुणाला ठाऊक नव्हतं. गुलमोहर मार्गही कुणाला ठाऊक नव्हता. उन्हात घाम पुसत काका शेवटी त्या मासेवाल्या मावशीला म्हणाले, "त्यांची... पिठाची गिरणी आहे."

"मंग आदी नाय सांगायचं?" म्हणत मावशी माशांची पाटी डोक्यावर घेऊन पुढे निघाली आणि तिने दोघांना थेट आमच्या दारात आणून उभं केलं.

काका उंबऱ्याशी थबकले. काकू मात्र सरळ गिरणीत शिरल्या आणि पिशवीतून हळकुंडांची पुरचुंडी काढली. म्हणाल्या, "आमच्याकडे जातं राहिलं नाही. मुहूर्ताची हळद घरच्याच जात्यावर दळायची असते. हे घरचंच ना?"

आईने पदराने चक्की पुसून दिली. काकूंनी तांदळाच्या चक्कीला कुंकू लावलं, आंब्याची पानं आणि सुपारी बांधली. पाच सवाष्णी हव्या होत्या. आई, काकू, बाकावरच्या दोघी, आणि पाटी खाली ठेवून, हात धुऊन आलेली मावशी. पाचजणींनी मिळून हळद ओतली.

"भाऊजी," आई म्हणाली, "खटका तुम्ही दाबा."

काका आत आले. त्यांनी आधी चक्कीला हात जोडले, मग खटका दाबला. हळदीचा वास पार बसस्टॉपपर्यंत गेला. मी तर नाचायचीच बाकी होते.

नंतर चक्की कितीही पुसली तरी काही दिवस गावातल्या घराघरांत भाकऱ्या पिवळ्या होत होत्या. कुणीही तक्रार घेऊन आलं नाही.