लगोरीतले शब्द

उस्मानपुऱ्यात आमच्या समोर राहणाऱ्या मॅडम संध्याकाळी मैदानात पोरांना लगोरीतून इंग्रजी शिकवतात. त्या फोनवर चित्र दाखवतात. त्याचा शब्द मोठ्यानं म्हटला तरच दगड रचायचा. पोर चुकलं, की मॅडम स्वतःच जीभ चावतात.

परवा मी कुंपणाबाहेरून पाहत होतो. माझी मुलगी शेवटच्या दगडाशी अडली. घरी शब्द विचारताना मी इतका ओरडतो, की तिचं तोंडच उघडत नाही. चेंडू मॅडमच्या हातात होता.

"मारा की मॅडम, आऊट होईल ती," पोरं म्हणाली.

"थांबा रे, चप्पल तुटली माझी. लई घाई तुम्हाला." धडधाकट चप्पल चाचपत त्या खाली बसून राहिल्या.

"ब्रिज," मुलगी म्हणाली आणि तिनं दगड ठेवला.

मला शाबास म्हणावंसं वाटलं. पण माझ्या आवाजानं ती पुन्हा गप्प होईल, म्हणून मी तसाच परत फिरलो.