आखडलेली शीट

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. कोळसा खाणींचे नकाशे काढणाऱ्या नागपुरातल्या एका ऑफिसात मी ट्रेसर होते. सात वर्षं शाईच्या पेनानं रेषा ओढल्यावर मला संगणकावर बसवलं, कारण बाकी कुणाला ते शिकायचं नव्हतं.

नकाशाची जुनी शीट संगणकाला जोडलेल्या मोठ्या टेबलावर चिकटवायची. जमिनीवरची नेमकी जागा ठाऊक असलेल्या तिच्यावरच्या चार खुणा हातातल्या भिंगाखाली धरून बटण दाबायचं. त्या खुणा जमिनीवरच्या मापांशी किती जुळतात ते प्रोग्राम सांगायचा आणि विचारायचा, पुढे जायचं का? मग एकेक रेषा गिरवत न्यायची. जाडी बदलता येई, रंग भरता येई, एक रेषा चुकली म्हणून सगळी शीट फुकट जात नसे. मला त्याची गोडी लागली होती.

मे महिन्यात एका खाणीची शीट आली. तिथल्या जुन्या, बंद बोगद्यांत पाणी साठलं होतं आणि नवं काम त्याच दिशेनं सरकत होतं. मध्ये कोळशाची भिंत किती उरली, हे आमच्या नकाशावरून कळणार होतं. मी चार खुणा लावल्या. फरक चालण्यासारखा नव्हता. पुन्हा लावल्या, तिसऱ्यांदा लावल्या, तेच. आमच्या साहेबांना नकाशा दुसऱ्या दिवशी हवा होता. आपलाच हात अजून बसलेला नाही, असं मनाशी म्हणत मी होकाराचं बटण दाबलं. साठलेलं पाणी निळं केलं, भिंत ठळक केली. इतका सुबक नकाशा या ऑफिसातून कधी गेला नव्हता, असं साहेब म्हणाले.

चार दिवसांनी शेजारची शीट लावली. हवेसाठी खणलेली एक जुनी विहीर दोन्ही शीटांवर होती. पडद्यावर मात्र दोन विहिरी दिसल्या, एकमेकींपासून पंचवीस-तीस मीटरवर.

जेवणाची सुट्टी झाली, मी डबा उघडला नाही. रेषा गुपचूप सरकवून सुधारलेली प्रत म्हणून पाठवता येईल का, याचा मी बराच वेळ विचार केला. हे लिहायला आजही लाज वाटते. पण माणसं त्या क्षणी खाली काम करत होती.

निवृत्तीला आलेले सर्व्हेअरकाका शेजारच्या खोलीत बसत. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शीटवरून बोटं फिरवली. जुनं कापडी ट्रेसिंग होतं, एका कडेनं आखडलेलं; म्हणूनच खुणा जुळत नव्हत्या.

"यंत्रानं तुले विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं."

"मंग काहून पुढं गेली वं?"

त्यांनी रिसीव्हर उचलला. खाणीचा फोन लागत नव्हता. ते नंबर फिरवत राहिले आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले. लागला तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की त्या बाजूचं काम आत्ता बंद करा, का ते मी येऊन सांगतो. मोजणीच्या जुन्या वह्या घेऊन ते जीपमध्ये बसले. बायकांना खाणीत उतरायला मनाई होती. मी मागे राहिले.

ते दुसऱ्या दुपारी परतले, कोळशानं माखलेल्या कपड्यांत. भिंत नकाशातल्यापेक्षा निम्मीच होती. काम दुसरीकडे वळवलं होतं. आणखी आठवडा गेला असता तर, एवढंच म्हणून ते पाणी प्यायला गेले.

मला मेमो मिळाला. नवा नकाशा मी शीटवरून नाही, वह्यांतल्या मापांवरून उभा केला. न्यायला खाणीचे मॅनेजर स्वतः आले. वायव्येच्या कोपऱ्याची मापं अपुरी आहेत, म्हणून तिथली रेषा मी तुटक ठेवली आहे, असं त्यांना सांगितलं. त्यांना ते रुचलं नाही. नकाशा म्हणजे नकाशा, ते म्हणाले, त्यात तुटक काय?

काकांनी त्यांना खुर्ची दिली. "बसा साहेब. बाई सांगून राहिल्या ते आधी ऐकून घ्या."

ते बसले. मी नकाशा त्यांच्यासमोर पसरला आणि त्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.