तव्यावरची मिश्री

"गालाचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या हातात बायॉप्सीचा, म्हणजे आईच्या गालातल्या जखमेचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा कागद होता. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं ते वर्ष. त्या कागदासाठी आम्ही आठ दिवस जीव मुठीत धरून होतो.

"मावशी, तंबाखू खाता का?"

"न्हाय की, डॉक्टरसाहेब. विड्या वळते, दिवसभर तंबाखूत बसते. पन तोंडात कदी घातली न्हाय."

मीही मान डोलावली. मी सोलापुरात पहिलीला शिकवणारी बाई, आणि मलाही ते खरंच वाटत होतं!

डॉक्टरांनी आईच्या काळ्या हिरडीवर बोट ठेवलं. "मग हे कशानं?"

"मिश्रीनं," मी म्हणाले. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली भुकटी. आमच्या लेखी ते दात घासणं होतं. दाढ दुखते म्हणून चार महिने आई गालात मिश्रीच दाबून धरत होती. भाजून देत होते मी.

"बाई, मिश्री म्हणजे तंबाखूच," डॉक्टर शांतपणे म्हणाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून मी सारखी जीभ डाव्या गालावरून फिरवत होते. तिथं खरखरीत काहीतरी लागत होतं. मीही लग्नाआधीपासून मिश्री लावायची. पण हे कुणाजवळ बोलले नाही. आई जगते की नाही हे ठाऊक नसताना स्वतःचं काय सांगायचं?

चौथ्या दिवशी डॉक्टर पट्टी बघायला आले. आईला बोलता येत नव्हतं. तिने त्यांची बाही धरली, माझ्याकडे बोट केलं आणि दातांवर बोट घासून दाखवलं.

"बाई, तोंड उघडा."

त्यांनी बॅटरी मारली. डाव्या गालाच्या आतून बोट फिरवून पाहिलं.

"ल्युकोप्लाकिया. म्हणजे पांढरा चट्टा. हा कॅन्सर नाही, पण पुढे होऊ शकतो. आजपासून मिश्री बंद."

आईला पुढे रेडिएशन, म्हणजे मशीनखाली लाईट दिली. गाल ओढला गेला, बोलणं जड झालं, पण आई घरी आली. त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

बायांनो, तंबाखूचं विचारलं तर मिश्रीही सांगा. आम्ही सांगितली नव्हती.

मी शाळेत पोरांची नखं तपासते. त्याआधी रोज सकाळी आई मला खिडकीपाशी उभी करते. अर्ध्या उघडणाऱ्या तोंडाने म्हणते, "आ कर."

मी आ करते.