किल्ल्याचं दार आणि बारा मिलिमीटर

नाव : श्रीमती विद्या हयवदन गलगली. वय : त्रेसष्ट. राहणार : चामराजपेट, बेंगळुरू. मूळ गाव : निपाणीजवळ. भूतपूर्व पद : वरिष्ठ ड्राफ्ट्समन (बाई असल्या तरी पद हेच), टूलरूम, सार्वजनिक क्षेत्रातील एक कारखाना. सेवा : एकतीस वर्षे. मापाच्या कारणास्तव परत आलेली ड्रॉइंगे : निरंक. सध्याचा उद्योग : राक्षसांकरिता निवासी बांधकाम.

शेवटच्या नोंदीला कारण त्यांची भाची अश्लेषा. ती राहते के. आर. पुरमला आणि सॉफ्टवेअरच्या नोकरीतून उरलेल्या वेळात एक खेळ चालवते. सहाजण टेबलाभोवती बसतात. एकजण (इथे अश्लेषाच) गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि फासे पडतील तसे जगतात किंवा मरतात. पात्रांच्या बोटभर उंचीच्या बाहुल्या असतात, आणि बाहुल्यांना फिरायला चौकोन आखलेली जमीन लागते. ही जमीन फोमच्या सुट्या तुकड्यांची करतात, कडेला लोहचुंबक बसवतात, म्हणजे आज गुहा, उद्या देऊळ. दोन वर्षं चाललेल्या गोष्टीचा शेवट रविवारी दुपारी तीनला व्हायचा होता. दुसरा दिवस नव्हता. खेळातला जुना गडी ईशान सोमवारी पहाटे कायमचा कॅनडाला निघणार होता. जागा ठरली मावशीकडची, कारण जेवणाचं टेबल त्यांचं मोठं. शेवटच्या लढाईचा राक्षसांचा किल्लाही मावशीच करणार होत्या.

"एक चौकोन म्हणजे एक इंच हं, मावशी," असं अश्लेषानं फोनवर सांगितलं होतं आणि नमुन्याला एक बाहुली पाठवली होती. टूलरूमचा नियम असा, की तोंडी मापावर काम करायचं नाही, नमुना मोजायचा. विद्याबाईंनी व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचेही भाग मोजणारी पट्टी, लावला. बाहुलीची बैठक पंचवीस मिलिमीटर. इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण भाचीचा इंच हा बोलीभाषेतला इंच असणार, असं गृहीत धरून त्यांनी चौकोन पंचवीसचेच आखले. पाच आठवड्यांत छत्तीस तुकडे झाले. एकही केसभर इकडे-तिकडे नाही.

रविवारी अकराला अश्लेषा स्वतः केलेला खंदक आणि पूल घेऊन आली. किल्ला खंदकाच्या चौकटीत बसवला. चौकटीच्या मागच्या कडेला टेकवला, आणि पुढे पुलाचं टोक आणि किल्ल्याचं दार यांच्यामध्ये टेबल दिसायला लागलं.

"मावशी, फट आहे."

"तुझ्या पुलात असेल."

व्हर्नियर आला. फट बारा मिलिमीटर. लांबीला तीस चौकोन, प्रत्येकी शून्य पूर्णांक चार कमी. विद्याबाई खुर्चीवर बसल्या.

"मी इंच म्हटलं होतं गं."

"आणि बाहुली पंचवीसची पाठवलीस."

"बाहुलीला चौकोनात थोडं हलायला जागा नको? कुणी पावलाच्या मापाची पायरी बांधतं का?"

हयवदनराव पेपरातून म्हणाले, "एकतीस वर्षांत पहिलंच, न्हवं?"

"अहो, तुम्ही स्वल्प गप्प बसा."

"सरी," ते कानडीत 'बरं' म्हणाले, आणि गप्प बसले नाहीत. "पट्टी घाला की मध्ये."

विद्याबाईंनी आयुष्यभर फटी बुजवायला दुसऱ्यांनी घातलेल्या पॅकिंगवर लाल शेरे मारले होते. पण साडेबारा वाजले होते. पट्टी कापली, दगडासारखी कोरली, काळी रंगवली. रंग वाळेना. अश्लेषा हेअर ड्रायर धरून उभी. दोन वाजता वीज गेली. मग दोघी पट्टीवर पुठ्ठ्यानं वारा घालत बसल्या, एकमेकींकडे न बघता. पावणेतीनला पट्टी चिकटवली. दारावर थाप पडली तेव्हा विद्याबाईंच्या अंगठ्याला अजून डिंक होता.

तीन तास सगळं ठीक चाललं. विद्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. चहा त्यांनी दोनदा केला, दोन्ही वेळा साखर विसरल्या. सहाच्या सुमारास ईशानची बाहुली पुलावर आली. दोन वर्षं जगलेला सरदार, हातात भाला. ईशाननं त्याला उचलून दारासमोर ठेवलं, बरोबर पट्टीवर. बोट काढलं.

बाहुली डुलली. विद्याबाईंनी स्वयंपाकघराच्या चौकटीला धरलं. बाहुली आडवी झाली आणि खंदकात गेली.

सगळे अश्लेषाकडे बघत होते. 'अरे, परत ठेव' म्हणणं सोपं होतं. तिनं एकदा मावशीकडे पाहिलं.

"पाय घसरला," ती म्हणाली. "फासा टाक."

ईशाननं फासा टाकला. एक पडला, सगळ्यांत वाईट दान.

"मेला?"

"मेला."

टेबलावर असा आरडाओरडा झाला, की खालच्या दुकानातला माणूस वर बघायला आला. ईशान उभा राहून टाळ्या वाजवत होता. डोळे पुसत म्हणाला, "मावशी, दाराशीच सापळा! काय डोकं आहे तुमचं! असा मेल्याचं दुःख नाही बघा!"

"चहा घेणार का अजून?" विद्याबाई म्हणाल्या.

पट्टी डावीकडे दीड मिलिमीटर उंच बसली होती.