पाहुणीसमोर कोणी आजारी नव्हतं

अनुदान हा शब्द ऐकला की अजूनही मी बोटांवर महिने मोजते. सौंदडजवळच्या आमच्या गावात आम्ही चार बायकांनी संस्था काढली, ती सिकलसेलच्या रुग्णांसाठी. हा रक्ताचा आजार आईबापांकडून लेकरांत येतो, आणि त्याची कळ उठली की माणूस जमिनीवर लोळतो. आमचं काम साधं. घरोघरी जाऊन गोळ्या घेतल्या का ते पाहायचं आणि कळ उठलेल्या माणसाला आमच्या गाडीतून गोंदियाच्या दवाखान्यात पोचवायचं. गाडी, ड्रायव्हर, दोन आरोग्यसेविका, सगळं मुंबईच्या एका न्यासाच्या अनुदानावर चालायचं. तीन वर्षांची मुदत संपत आली होती. ती वाढवायची की नाही हे ठरवायला न्यासाच्या मॅडम आल्या, त्याही ऐन रोवणीत, धानाची रोपं लावायच्या दिवसांत, गावात म्हातारी माणसं आणि कोंबड्या एवढंच उरतं तेव्हा.

बायका येतील की नाही, या घोरानं मी आठवडाभर नीट जेवले नाही. आणि या घोरातच ती चूक केली. आदल्या वर्षी एक साहेब आले होते, तेव्हा बायकांनी रस्ता, राशन, नळ, सगळ्याचं गाऱ्हाणं तासभर घातलं आणि साहेब वैतागून उठून गेले. म्हणून या वेळी मी बांधावर उभी राहून ओरडून सांगितलं, "रडगाणं गाऊ नका. पाहुणी येऊन राहिली, चांगलं बोला."

आमच्याकडे पाहुण्यासमोर दुखणं काढत नाहीतच. त्यात माझी ताकीद. अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून बायका आल्या. चिखल धुऊन, आंघोळी करून, पेटीतल्या साड्या नेसून. समाजमंदिरात लग्नाची बैठक भरल्यासारखं वाटत होतं. मॅडमनी आधीच बजावलं होतं की संस्थेच्या लोकांनी मधे बोलायचं नाही. मी भिंतीला टेकून गप्प बसले, आणि गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

"तुम्हाला तब्येतीचा काही त्रास?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही जी. सब बढिया आहे," पहिली म्हणाली.

"कोणी आजारी?"

"कोनीच नाही जी."

एकेक करून सगळ्या हेच बोलल्या. त्यांतल्या सहा घरांत सिकलसेल आहे, हे मला पाठ होतं. पण रुग्णाचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही हा आमचाच नियम, कारण नाव फुटलं की सोयरीक मोडते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मॅडम हसऱ्या चेहऱ्यानं लिहीत होत्या. मग वही मिटून म्हणाल्या, "छान. म्हणजे इथलं काम झालंय. आता जिथे जास्त गरज आहे तिथे ही मदत नेता येईल."

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई उठली. तिची मुलगी बावीस वर्षांची, सिकलसेलची रुग्ण. नुकतीच तिची बोलणी सुरू झाली होती आणि होणाऱ्या नवऱ्याची आत्या तिथेच, दोन हातांवर बसली होती. मुलाकडे आजाराचं अजून सांगायचं होतं. कसं आणि कधी सांगावं, हे त्या बाईनं मला किती वेळा तरी विचारलं होतं. मी मान हलवून तिला बस म्हणून खुणावलं. ती बसली नाही.

"आमी खोटं बोलून राहिलो, मॅडम," ती म्हणाली. "माह्या पोरीले सिकल आहे. मांगच्या थंडीत हाडं धरून वरडे. ह्या ताईची गाडी नसती, तं पोरगी आज दिसली नसती. गाडी बंद नका करू जी."

मग आणखी एक उठली. मग तिसरी. मॅडमनी वही पुन्हा उघडली. आत्या मात्र उठून, चपला घालून निघून गेली. मी दारापर्यंत धावले आणि तिथेच थांबले.

पुढचे दिवस कसे काढले ते मलाच माहीत. फोन वाजला की हातातलं टाकून धावायची. दिवसातून दहादा मेल उघडून पाहायची. ड्रायव्हर विचारायचा, "ताई, दुसरं काम पाहू का?" आणि मी उगाच त्याच्यावर खेकसायची. पत्र आलं तेव्हा धान गुडघ्याएवढं झालं होतं. मुदतवाढ मिळाली होती. मी कागद घेऊन तशीच त्या बाईच्या घरी धावले.

ती ओसरीवर तांदूळ पाखडत होती. मुलगी आत चहा ठेवत होती. मुलाकडून नकार आल्याचं मला गावातून कळलं होतं. मी फक्त म्हणाले, "गाडी राहिली."

तिनं सूप खाली ठेवलं. चेहरा उजळला. "किती साल?"

"एक."

"एकच?" तिनं आत चुलीपाशी बसलेल्या मुलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अन् मंग, ताई?"

मुलीनं चहा आणून दिला. मी तो गरम गरमच पिऊन टाकला आणि काम आहे म्हणून उठले. त्या वर्षातले आता चार महिने उरलेत.